पाणी राखणारं कासव

आमच्या विहिरीतलं कासव माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर तिसऱ्या का चौथ्या वर्षी वडिलांनी ती विहीर खोदली. पाणी लागलं, नारळ फुटला आणि मग रीतीप्रमाणं विहिरीत कासव सोडायचं ठरलं. आमच्या भागात नव्या विहिरीला कासव लागतंच. ते पाण्यातली घाण खातं, पाणी राखतं, असं सगळे मानतात. माझा थोरला भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. वडिलांनी नदीच्या डोहात तळहाताएवढं काळं कासव धरलं आणि भावानं सदऱ्याची झोळी करून ते घरी आणलं. वाटेत ते त्याच्या अंगावर मुतलं, हे तो पन्नाशीतही मोठ्या अभिमानानं सांगायचा. त्यानंतर तीन वर्षांनी मी जन्मलो. म्हणजे आम्ही भावंडं तिघं. थोरला भाऊ, मधलं ते आणि शेंडेफळ मी.

विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. भाऊ रोज संध्याकाळी धार काढायच्या आधी भाकरीचा तुकडा घेऊन खाली उतरायचा. शेवटच्या कोरड्या पायरीशेजारी एक कोनाडा आहे, त्यात एक गोल दगड ठेवलेला असायचा. तो घेऊन पायरीवर तीनदा ठोकायचं, दगड जागेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं खालून काळी पाठ वर यायची. पाठीवर तीन उभ्या कडा, त्यांतली मधली जरा झिजलेली. कासव मान लांब करून भाऊच्या बोटांतून भाकरी घ्यायचं. मी ठोकलं तर यायचं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केले. दगड तोच, ठोके तीनच, भाकरीही त्याच तव्यावरची. तरी नाही. "त्याला मालूम हाय कोन कामाचा ते," भाऊ म्हणायचा, आणि मला राग यायचा.

पोहायला मी त्याच विहिरीत शिकलो. पाठीला सुका भोपळा बांधून भाऊनं मला वरून ढकललं होतं. मी नाकातोंडात पाणी जाऊन बोंबलत होतो आणि तो हसत म्हणत होता, "आरं, खाली आपलं मानूस हाय. बुडू देत नाय ते." कासव बुडणाऱ्याला काय वाचवणार? पण मी पाय हलवायला लागलो हे खरं. भाऊचं सगळं शहाणपण असंच होतं, कारण चुकीचं आणि परिणाम बरोबर. त्यामुळं त्याला कधी वाद घालून हरवता आलं नाही.

पुढं भाऊनं शेती धरली आणि मी शहरात नोकरी. एका कॉलेजात, वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. स्लाइडी पुसणं, बाटल्यांमधलं फॉर्मलिन बदलणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं. सकाळी सव्वासहाची एसटी, फुलंब्रीवरून शहर, संध्याकाळी तशीच परत. सव्वीस वर्षं मी हा रस्ता केला. गावात मी 'कालिजातला' होतो. कुणाला कागद आला की वाचायला मी, फॉर्म भरायला मी, पोराला ताप आला तर गोळी कुठली विचारायलाही मी. आणि मी काही सांगितलं की ऐकायचं कुणी नाही, हा नियम ठरलेला.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. मोठ्या दुष्काळात गावकऱ्यांनीच दगड फोडून, माती वाहून तो बांधला. भाऊही त्या कामावर होता. बांधाच्या आतल्या अंगाला दगडांचं पिचिंग आहे, त्यातले काही दगड आपण बसवलेत असं तो दाखवायचा. तलाव झाला आणि खालच्या विहिरींना पाणी टिकू लागलं. तलावात हळूहळू सगळं आपोआप जमलं. मरळ आली, शिंगट्या आल्या, खेकडे आले. टिबुकल्या बुड्या मारायच्या आणि भलतीकडंच वर निघायच्या. थंडीत बदकं उतरायची. ओढ्यातून चार-दोन कासवंही आली असावीत, कारण दुपारी पिचिंगवर ऊन खात बसलेली दिसायची. यातलं काही कुणी सोडलेलं नव्हतं, म्हणून त्याची किंमतही कुणाला नव्हती.

मग जलपर्णी आली. कुठून आली यावर गावात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते मासळीचं बीज आणलं त्या डब्यातून, दुसरी म्हणते वरच्या तलावातून पुरात वाहून. पहिल्या वर्षी कोपऱ्यात एका चटईएवढी होती. जांभळी फुलं, मधल्या पाकळीवर पिवळा डोळा. बाया ती महादेवाला वाहायच्या. मीसुद्धा एक रोप प्रयोगशाळेत नेऊन ट्रेमध्ये ठेवलं होतं, मुलांना देठातली हवेची पिशवी दाखवायला. दुसऱ्या वर्षी तलाव अर्धा झाकला. तिसऱ्या वर्षी पाणीच दिसेना, नुसतं हिरवं शेत. खंड्या तारेवर बसून खाली बघायचा, पण बुडी मारायला त्याला वावभर पाणी मिळेना. खाली उजेड नाही, हवा नाही. पहाटे मासे देठांमधल्या फटीत तोंड वर काढून गपागप हवा घ्यायचे. त्यांना धरायला जाळंही लागत नव्हतं. पोरं हातानं उचलायची. मासळी वाढली म्हणून गाव खूश झालं.

श्रमदान झालं, तीन रविवार. आम्ही मानेइतक्या पाण्यात उभे राहून ओल्या गठ्ठ्यांनी हात सोलून घेतले आणि काढलेली सगळी जलपर्णी बांधाच्या आतल्याच उतारावर टाकली. लांब कोण नेणार? एक वळवाचा पाऊस झाला आणि ती पुन्हा पाण्यात. मग कुणीतरी म्हणालं, एवढी कंबर मोडायची कामून, कपाशीतलं तणनाशक हाय की. पाठीवर पंप बांधून चौघं तलावाभोवती फिरले. आठ दिवसांत सगळं तपकिरी झालं, पंधरा दिवसांत खाली बसलं. पाणी दिसलं. गावानं फटाके वाजवले. त्या पाण्यात किती गाड्या कुजकं सडत पडलंय याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर बाटल्यांमध्ये वनस्पती ठेवून पगार घेणारा माणूस.

आषाढ सरला. श्रावणात पावसानं ओढ दिली. लख्ख ऊन, दमट उकाडा आणि वारा पडलेला. एका सकाळी एसटीतून तलावाकडं बघितलं तर कडेला पोपटी पट्टा दिसला. कुणीतरी भिंतीचा रंग कालवून ओतल्यासारखा. चार दिवसांत तो पट्टा साईसारखा जाड झाला, काठी घातली तर काठी हिरवी होऊन यायची. वास ओल्या, कुजक्या पोत्याचा. आधी शिंगट्या पालथ्या झाल्या, मग मरळ. मरळ चिवट, चिखलात महिना काढते, तीही पांढरं पोट वर करून. दोन बगळे काठावर पंख पसरून पडलेले होते, जिवंत, पण उठता येत नव्हतं. गावातलं एक कुत्रं तिथं पाणी प्यालं आणि दुपारपर्यंत पाय झाडून मेलं.

माळावर एक धनगर दरवर्षी त्या दिवसांत मेंढरं बसवायचा. त्यानं वाडा हलवला. मी विचारलं तर म्हणाला, "म्हागल्या साली पेत व्हती. औंदा हुंगून माघारी फिरली. मेंढरू फिरलं, म्या बी फिरलो." एवढं बोलून तो गेला. त्या श्रावणात आमच्या गावात शहाणं वागलेला तो एकटाच.

मी बाटलीत पाणी भरून कॉलेजात नेलं. आमच्या विभागात एक मॅडम होत्या, शेवाळावर शिकलेल्या. त्यांनी थेंब स्लाइडीवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला बघायला लावलं. बारीक गोल दाणे, मोहरीच्या पुडीसारखे, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झालेले. "हे नेहमीचं शेवाळ नाही," त्या म्हणाल्या. "हे विष सोडतं. लिव्हरवर जातं. हात घालू नका, जनावरं पाजू नका. आणि ते मेलेले मासे कुणी खात असेल तर थांबवा." मी विचारलं, याला इलाज काय? त्या म्हणाल्या, "जलपर्णी मारून तिथंच कुजवलीत ना? त्याचंच खत झालं. आता थंडी पडेपर्यंत लांब राहा."

मी गावात सांगितलं. पारावर सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं, दळणाच्या गिरणीवर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "शेवाळ कधी विषारी असतं व्हय? मासे खाऊन जगतेत त्याच्यावर," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "लांब राहा म्हनं. पोळा आलाय, बैलं काय धूळ लावून धुवायची?" आमच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, सगळ्या गावाचे बैल तलावात धुतात. वाजत नेतात, वाजत आणतात. त्याला पंधरा दिवस राहिले होते, आणि गावाला तेवढीच काळजी होती. मी आठवडाभर बोलत होतो. शेवटी माझं मलाच ऐकू येईनासं झालं.

अशात पारावर एका म्हाताऱ्यानं मुद्दा काढला. त्याच तलावाचं पाणी पाझरून ह्या भावांच्या विहिरीत येतंय, मग विहीर काचेसारखी कशी? मग सगळ्यांना एकदमच उत्तर सापडलं. आमच्या विहिरीत कासव होतं. तलावातली कासवं तर केव्हाच दिसेनाशी झाली होती, म्हणूनच पाणी नासलं. आता हिशेब सोपा होता. संध्याकाळी सरपंच, तो म्हातारा आणि आणखी चौघं नारळ घेऊन आमच्या ओट्यावर आले. गावासाठी कासव द्या म्हणाले.

भाऊनं नारळ घेतला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दोन दिवस तो गोठ्यात आणि विहिरीवर घुटमळत राहिला. जेवताना माझ्याकडं बघायचा आणि पुन्हा ताटाकडं. त्याची अडचण मला कळत होती. कासव पाणी राखतं, हे गावात सगळ्यांत जास्त त्यानंच सांगितलेलं. आयुष्यभर सांगितलेलं. आता नाही म्हणणं म्हणजे एक तर आपला शब्द खोटा, नाहीतर आपण स्वार्थी. आणि मनातून त्याला वाटतही असणार की आपलं कासव हे करू शकेल. आपल्या माणसाबद्दल असं वाटतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात शर्टाची बटणं लावत होतो. एसटीचा हॉर्न वरच्या वळणावर वाजला होता, म्हणजे माझ्या हातात चार मिनिटं. भाऊ गोठ्यातून आला, हातात शेणाचं टोपलं तसंच. म्हणाला, "तू कालिजात असतो. बाटल्यातली जनावरं बघतो. मला खरं सांग. त्या पान्यात कासवाला काय व्हईल का?"

मला माहीत नव्हतं. मॅडमना मी कासवाचं विचारलंच नव्हतं. संध्याकाळी विचारून सांगतो, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला कंटाळा आला होता. तलावाचा, गावाचा, पुन्हा पुन्हा तेच सांगण्याचा, आणि खरं सांगायचं तर त्या कासवाचाही. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "काय होतंय भाऊ कासवाला? कवच आहे ना त्याला."

तो मान डोलवून गोठ्यात गेला. मी पळत जाऊन एसटी धरली. विषाला कवच काय करणार, हे माझ्या डोक्यात फुलंब्री स्टँडवर आलं. आलं आणि गेलं. तरी विचारू म्हणून मी प्रयोगशाळेत शिरलो, तर मॅडम रजेवर होत्या. आठवडाभर होत्या. मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ओट्यावर नारळ ठेवलेला होता, म्हणजे भाऊनं तो घेतला होता.

शुक्रवारी सकाळी भाऊ पायऱ्या उतरला. मी वर काठावर उभा होतो, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. त्यानं कोनाड्यातला दगड घेतला, तीनदा ठोकलं. संध्याकाळचं कासव सकाळी बोलावलं म्हणून की काय, उशिरा आलं. मान लांब करून त्यानं भाकरी घेतली आणि ते चावत असतानाच भाऊनं दोन्ही हातांनी त्याला उचललं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यानं त्याला भाकरीच्या निमित्तानं धरलं नव्हतं. वर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. कासव आता परातीएवढं झालं होतं. चारही पाय हवेत हलवत होतं.

घमेल्यात ओलं पोतं, पोत्यावर कासव. वहिनीनं त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. हलगी होती, पोरं होती, बांधावर सगळं गाव. भाऊनं पिचिंगवरून खाली उतरून ते पाण्यात ठेवलं. हिरवी साय जरा बाजूला झाली, काळी पाठ आत गेली आणि साय पुन्हा जुळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि गंमत बघा, तिसऱ्या दिवशी आमच्या काठाचं पाणी स्वच्छ झालं! पट्टा गेला, सकाळी पाण्यात आभाळ दिसलं. गावाचा आनंद काय वर्णावा. भाऊच्या ओट्यावर रांग लागली. कुणी पेढे आणले, कुणी म्हणालं तलावाला पार बांधून कासवाचं देऊळ करू. म्हातारा मला म्हणाला, "सांग तुझ्या कालिजवाल्या बाईला." भाऊ नवरदेवाच्या बापासारखा मिशीत हसत फिरत होता. मला शंका होती. दुपारी बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. वारा सुटला होता आणि सगळी साय वाहून पलीकडच्या काठाला गोळा झाली होती, वीतभर जाड. मी परत आलो आणि कुणाला काही बोललो नाही. भाऊ आनंदात होता. असू दे म्हटलं दोन दिवस.

भाऊ रोज संध्याकाळी बांधावर जायला लागला. कोनाड्यातला गोल दगड तो बरोबर घेऊन जायचा. पिचिंगच्या दगडावर तीनदा ठोकायचा आणि भाकरी धरून बसायचा. कासव आलं नाही. पहिल्या दिवशी म्हणाला, नवी जागा हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, एवढं मोठं पानी, आवाज पोचत नसंल. चौथ्या दिवशी भाकरी तशीच कनवटीला लावून परत आला. सहाव्या दिवशी वारा फिरला आणि साय पुन्हा आमच्या काठाला आली.

खांदेमळणीच्या दिवशी पहाटे तो बैल न्यायच्या आधी एकटाच तलावावर गेला. मी चहा घेत होतो. तो परत आला तेव्हा घमेलं डोक्यावर होतं, तेच घमेलं. त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं. कासवाची मान बाहेर लोंबत होती. कासव मान कधी अशी टाकत नाही, आत घेतं. तोंडाभोवती हिरवं वाळलेलं. पाठीवरचं कुंकू एका कडेच्या खाचेत अजून थोडं उरलं होतं. पिचिंगच्या दोन दगडांमध्ये सापडलं, म्हणाला. म्हणजे ते आलं होतं. ठोकलेलं त्याला ऐकू आलं होतं, फक्त वर चढायला अंगात बळ नव्हतं. आम्हा दोघांना तेच दिसत होतं.

त्यानंतर तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "कवच व्हतं की रं त्याला." तो मला टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशी आमचे बैल भाऊनं विहिरीवर बादलीनं धुतले. ते बघून आणखी काही जणांनी तसंच केलं. बाकीच्यांनी तलावातच धुतले, आणि पोळ्याला त्यांतल्या काही बैलांच्या अंगावर रंगाच्या ठिपक्यांऐवजी फोड होते. बैल गेला नि झोपा केला, तसं मग गावानं तलावाला काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. आम्ही कासव विहिरीच्या वर, जुन्या मोटेचं पाणी जिथं पडायचं त्या थारोळ्यापाशी पुरलं. सरपंच आले होते. भाऊ त्यांच्याशी नीट बोलला, चहाही दिला. त्यानं दोष कुणालाच दिला नाही, त्यामुळं सगळ्यांची सोय झाली.

मॅडम रजेवरून आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, विहिरीतच राहू द्यायचं होतंत ना ते, कोणी सांगितलं काढायला?" मग त्यांनी समजावलं, की विहीर नितळ होती ती मातीमुळं. पाणी मातीतून गाळून येतं, आणि इतक्या खोल विहिरीत ऊन पोचत नाही. ऊन नाही तर शेवाळ नाही. "कासवाचा त्यात काही संबंध नव्हता," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

भाऊला मी हे सांगितलं नाही. पण सांगायची गरज होती असंही नाही. कासव गेल्यावरही विहीर तशीच राहिली. काचेसारखी. महिना झाला, दिवाळी झाली, उन्हाळा झाला, पाणी तळाला गेलं तरी तळाचा दगड दिसत होता. भाऊ रोज जाऊन बघायचा. पायरीवर उकिडवा बसून पाण्याला बोट लावायचा, बोट नाकाशी न्यायचा. एखाद्याला वाटलं असतं, पाणी खराब होऊ नये म्हणून हा काळजी करतोय. मला ठाऊक होतं, तो उलटं बघत होता. पाणी जरा तरी नासावं, बोटाला जरा तरी हिरवं लागावं, म्हणजे इतकी वर्षं आपलं कासव खाली काहीतरी करत होतं हे खरं ठरेल. विहीर काही त्याचं ऐकत नव्हती. नितळ पाणी मला कधी इतकं दुष्ट वाटलं नव्हतं.

भाकरी त्यानं सोडली नाही. संध्याकाळी धार काढायच्या आधी पायऱ्या उतरायचा, दगड तीनदा ठोकायचा, तुकडा टाकायचा. वहिनी सुरुवातीला चिडायची, मग तिनं चिडणं सोडलं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. तलावाकडंही मी बघायचं सोडलं होतं. थंडीत तिथली साय जायची आणि पुढल्या श्रावणात पुन्हा यायची. टिबुकल्या परत आल्या नाहीत. एसटीत मी उजव्या खिडकीला बसायला लागलो, तलाव डावीकडं आहे.

दोन वर्षं अशी गेली. दरम्यान घरी बोअर घेतला, पिण्याचं पाणी तिथून येऊ लागलं, आणि विहीर नुसती शेताला राहिली. वरचं चिंचेचं झाड वादळात पडलं, म्हणून आत थोडं ऊनही उतरू लागलं होतं. एका रविवारी भाऊनं मला शेतातून हाक मारली. "ये, दाखवतो." पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाजात सात वर्षांचं पोर होतं. मी त्याच्यामागं पायऱ्या उतरलो.

कोनाड्याखाली, पाण्याच्या कडेला, बोटभर रुंद हिरवी रेघ होती. त्यानं बोट लावून मला दाखवलं. बोट हिरवं झालं.

"बघ," तो म्हणाला. "म्हणलो नव्हतो? पानी तेच राखत व्हतं."

दोन वर्षांत त्याचा चेहरा मी असा बघितला नव्हता. मी खाली बघितलं. हिरव्या रेघेखालच्या पायरीवर, पाण्याच्या आत, भाकरीचे फुगलेले पांढरे गोळे साचले होते. दोन वर्षांच्या भाकरी, एवढं खाणारं कुणी नाही. काही कुजून विरघळले होते, काहींवर बुरशीची लव होती. जे तलावात जलपर्णीनं केलं तेच इथं लहान प्रमाणात चाललं होतं. पाण्यात अजून बेडूक होते, बोटाएवढे मासेही होते. भाकरी अशीच पडत राहिली तर वर्ष-दोन वर्षांत तेही राहणार नव्हते. या वेळी मला मॅडमना विचारायची गरज नव्हती. मला सगळं माहीत होतं. एसटी नव्हती, हॉर्न नव्हता, रविवार होता, आणि माझ्या हातात सगळा दिवस होता.

"सांग की," भाऊ म्हणाला. "तेच राखत व्हतं ना?"

"व्हय भाऊ," मी म्हणालो. "तेच राखत होतं."

त्यानं मान डोलवली. कोनाड्यातला दगड घेऊन तीनदा ठोकलं, दगड जागेवर ठेवला आणि कनवटीतून भाकरीचा तुकडा काढून पाण्यात टाकला. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. तुकडा हळूहळू भिजला, फुगला आणि बाकीच्या गोळ्यांवर जाऊन बसला. मग धार काढायची वेळ झाली म्हणून आम्ही वर आलो.